तक्ता म्हणतो दहा वाजता, तारा म्हणतो थांबा : मुलुंडच्या गच्चीवरून अल्गॉलचं एक ग्रहण

नाताळच्या आदल्या रात्री मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तिघं होतो. मी, इंजिनिअरिंगला असलेली माझी भाची आणि तिसऱ्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा. एक तारा मंदावताना बघायचा आणि तो सगळ्यात मंद कधी झाला ती वेळ काढायची, एवढंच काम होतं. दुर्बीण नव्हती आणि लागणारही नव्हती. भाचीच्या तक्त्यात वेळ होती रात्री १० वाजून २ मिनिटं. आमच्या नोंदींतून वेळ निघाली १० वाजून ४५ मिनिटं. हे त्रेचाळीस मिनिटांचं प्रकरण आहे. त्यात तीन कारणं निघाली, तीही एका दिशेने ओढणारी नव्हती. आणि एक चूक पूर्णपणे माझी होती, ती गणितातली नव्हती.

तारा म्हणजे अल्गॉल, ययाति तारकासमूहातला बीटा. शर्मिष्ठेचा इंग्रजी एम मुंबईतून ओळखता येत असेल, तर तिथून कृत्तिकांकडे जाताना वाटेत ययाति लागतो. ताऱ्याचं तेज प्रतीत सांगतात, आकडा जितका लहान तितका तारा उजळ. अल्गॉल एरवी २.१ प्रतीचा असतो, म्हणजे पांढऱ्या एलईडीच्या उजेडातही सहज दिसणारा. पण साधारण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि परत वर येतो. उतरायला पाच तास, चढायला पाच तास. बाकी वेळ तो जवळजवळ स्थिर असतो.

कारण तो एक तारा नाहीच. एक उष्ण, निळसर पांढरा तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा, आकाराने त्याच्याहून मोठा पण थंड, नारिंगी सोबती. त्यांची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसते, त्यामुळे नारिंगी तारा समोरून गेला की पांढऱ्याचा बराचसा भाग झाकला जातो. मराठी विश्वकोशी भाषेत पिधानकारी युग्मतारा, गच्चीवरच्या भाषेत एकमेकांना ग्रहण लावणारी जोडी. पांढरा तारा नारिंगीच्या समोरून जातो तेव्हाही ग्रहण होतंच, पण ती घट एका प्रतीच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. डोळ्याला कळत नाही.

मोठं ग्रहणसुद्धा खग्रास नसतं, हे इथे महत्त्वाचं आहे. पांढरा तारा पूर्ण झाकला गेला असता तर तळाशी प्रकाश काही काळ सपाट राहिला असता. अल्गॉलला तसा सपाट तळ नाही. तो उतरतो, टेकतो न टेकतो तोच चढायला लागतो. म्हणून मिनिममची, म्हणजे तळाची, वेळ काढायला तो सगळ्यात मंद कधी दिसला हे विचारत नाहीत. उतरताना तो एखाद्या ठरावीक तेजावर कधी होता आणि चढताना त्याच तेजावर कधी आला, हे विचारतात आणि दोन वेळांचा मध्य घेतात. तळाशी तेज इतकं हळू बदलतं की डोळा अर्धा तासही इकडेतिकडे होतो. उतारावर ते झपाट्याने बदलतं, तिथे डोळा खरा.

नोंदी कशा घेतल्या

पद्धत जुनी आणि फुकट आहे. ज्यांची प्रत माहीत आहे असे दोन तारे घ्यायचे, एक बदलत्या ताऱ्याहून उजळ आणि एक मंद. मधल्या अंतराचे मनात दहा भाग करायचे आणि आपला तारा कितव्या भागावर बसतो ते लिहायचं. आम्ही देवयानीतला अल्माक घेतला, प्रत २.१, आणि शेजारच्या त्रिकोण समूहातला अल्फा, प्रत ३.४. अल्गॉलचा वरचा आणि खालचा टोकाचा आकडा तंतोतंत हेच. निवड करताना मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. शून्य म्हणजे अल्माकएवढा, दहा म्हणजे त्रिकोणातल्या अल्फाएवढा.

टॉर्चवर जिलेटिनचा लाल कागद, दोनशे पानी वही आणि पेन्सिल. प्रत्येकाने आपापला आकडा दुसऱ्याला न सांगता कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायचा, मग भाचीने वहीत तिन्ही उतरवायचे. हा नियम माझाच. तो मोडलाही मीच.

साडेआठला तिघांचे आकडे ३ च्या आसपास होते. साडेनऊला ६. खाली सोसायटीत कोणाकडे तरी कॅरल्स चालू होती, समोरच्या बांधकामाच्या क्रेनवरचा हॅलोजन आम्ही पाण्याच्या टाकीच्या आड बसून चुकवला होता. ठाण्याच्या बाजूचं आभाळ नेहमीसारखं मळकट नारिंगी. पण अल्गॉल मुंबईतून मध्यमंडलावर, म्हणजे सगळ्यात उंच, असताना उत्तरेला ६८ अंशांपर्यंत वर चढतो, त्यामुळे ठाण्याच्या उजेडाशी त्याचा फारसा संबंध येत नाही. दहाला ८.

तक्त्याप्रमाणे दहा वाजून दोन मिनिटांनी तळ यायला हवा होता. म्हणजे साडेदहापर्यंत आकडा स्थिर होऊन उलटा फिरायला लागायला हवा. सव्वादहाला मी वर बघितलं आणि मला तसं दिसलंही. अल्गॉलच्या अगदी जवळ, दोनेक अंशांवर, एक तांबूस तारा आहे, ययातीतला ऱ्हो. अल्गॉल त्याच्याएवढाच वाटला. ऱ्होची प्रत माझ्या डोक्यात ३.४ अशी बसलेली होती. म्हणून मी चिटोऱ्यावर लिहिलं: तळ गाठला, १०.

दहा वीसला मुलाच्या चिटोऱ्यावर आकडा होता ८.५.

मी म्हटलं, "नीट बघ, खाली आलाय तो."

"काका, अजून उतरतोय. त्रिकोणातला याच्यापेक्षा मंद आहे अजून."

"तक्त्यात दहा दोन आहे. डोळा थकतो रे, थोडा वेळ मिटून बस."

आणि मी त्याचा ८.५ खोडरबराने पुसला. भाची काही बोलली नाही, तक्ता तिचाच होता.

दहा चाळीसला तिघांनाही ९.५ च्या पुढे वाटत होता. अकराला १०. साडेअकराला ८.५, बाराला ६, साडेबाराला साडेचार, एकला ३. अकरानंतर गच्चीवर फारसं कोणी बोललं नाही. तळ दहाला नव्हता, हे सगळ्यांना कळलं होतं.

६ हा आकडा साडेनऊला आणि मग बाराच्या जेमतेम पुढे: मध्य १०:४६. ३ हा आकडा साडेआठला आणि एकला: मध्य १०:४५. दोन वेगळ्या पातळ्यांवरून एकच वेळ आली. पुसलेला ८.५ परत धरला तर दहा वीस आणि साडेअकरा, मध्य १०:५५. तळाजवळ इतपत फरक पडतोच.

पहिलं कारण: तीन अंक

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे होईपर्यंत आम्ही भाचीचा लॅपटॉप उघडून बसलो. तिने वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारीतला एक मिनिमम एका भरवशाच्या यादीतून उचलला होता, भारतीय वेळेत आणला होता आणि खालच्या प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीपेक्षा एक आवर्तन, म्हणजे दोन ग्रहणांमधला काळ, मिळवत गेली होती. फॉर्म्युला बरोबर, साडेपाच तासांचा फरक बरोबर. माझा पहिला संशय तिथेच होता, कारण आपल्याकडे आकाशातल्या वेळांचा निम्मा घोळ त्या साडेपाचातच होतो.

मग मी आवर्तनाची संख्या असलेल्या चौकटीवर क्लिक केलं. वरच्या पट्टीत दिसलं: २.८६७.

"याच्यापुढचे अंक?"

"मामा, मूळ शीटमध्ये होते. कॉलम तीन अंकांवर सेट होता, मी दिसलं ते नव्या शीटमध्ये टाइप केलं."

२.८६७ दिवस म्हणजे २ दिवस २० तास ४८ मिनिटं २९ सेकंद. खरं आवर्तन त्याहून तीसेक सेकंदांनी जास्त आहे. तीस सेकंद म्हणजे काहीच नाही, मुलुंड स्टेशनला लोकल थांबते तेवढा वेळ. पण जानेवारीपासून त्या रात्रीपर्यंत १२२ आवर्तनं झाली होती. एकशे बावीस वेळा तीस सेकंद म्हणजे एकसष्ट मिनिटं. तक्ता दर ग्रहणाला अर्ध्या मिनिटाने घाईवर येत होता आणि वर्षाच्या शेवटी तासभर पुढे धावत होता.

हे मला या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर वाटतं. हाच हिशेब उलटा वापरला तर दुर्बीण नसलेला माणूस अल्गॉलचं आवर्तन सेकंदात मोजू शकतो. एका ग्रहणाची वेळ डोळ्याने काढताना दहा मिनिटांची चूक होते असं धरा. वर्षभराने पुन्हा एक ग्रहण बघितलं की तीच चूक सव्वाशे आवर्तनांत वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला पाचेक सेकंद. दहा वर्षांनी अर्धा सेकंद. इंग्लंडमध्ये यॉर्कला राहणाऱ्या जॉन गुडरिकने १७८२ च्या हिवाळ्यात अल्गॉलवर नजर ठेवली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. डोळे आणि घड्याळ यांवर त्याने ठराविक आवर्तन असल्याचं दाखवलं आणि एखादी काळोखी वस्तू ताऱ्यासमोरून जात असावी, ही शक्यता मांडली. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी तो गेला. सोबती खरंच आहे हे वर्णपटातून सिद्ध व्हायला १८८९ उजाडलं, ते काम जर्मनीत पॉट्सडामला हेर्मान फोगेलने केलं.

हिशेब दुरुस्त केला. १०:०२ अधिक एकसष्ट मिनिटं म्हणजे ११:०३. आता आमचा तारा उशिरा नाही, तर अठरा मिनिटं लवकर आला होता. भाचीचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. चूक सापडल्यावर उत्तर लगेच जुळलं की मला संशय येतो.

दुसरं कारण: आपण कुठे उभे आहोत

मूळ यादीतली वेळ सूर्याच्या जागेवरून धरलेली होती. तशी पद्धतच आहे, कारण पृथ्वी फिरती आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात ययाति रात्री डोक्यावर येतो, म्हणजे आपण सूर्याच्या मानाने ययातीच्या बाजूला असतो. अल्गॉलचा प्रकाश सूर्यापर्यंत पोचण्याआधी आपल्यापर्यंत पोचतो. सूर्यापासून इथवर प्रकाशाला सव्वाआठ मिनिटं लागतात. अल्गॉल क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेपासून, बावीस अंश वर असल्याने ह्या ताऱ्यासाठी हा फरक जास्तीत जास्त पावणेआठ मिनिटांचा. त्या रात्री तो सहा मिनिटं होता. ११:०३ चे १०:५७ झाले. राहिली बारा मिनिटं.

तिसरं कारण: काळोखाने फसवलं

ही बारा मिनिटं डोळ्याच्या चुकीत ढकलून मोकळं होता आलं असतं. पण दोन पातळ्यांवरून एकच मध्य आला होता, आणि चूक सैरावैरा असती तर तसं झालं नसतं. काहीतरी एका बाजूला ओढत होतं.

उत्तर मुलाने शोधलं. मुलुंडच्या पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, त्या बाजूला वस्तीचा उजेड कमी. मध्यरात्रीनंतर ययाति, देवयानी, त्रिकोण सगळे त्याच बाजूला कलतात. आभाळ तिकडे काळं दिसतं, म्हणून आम्ही खूश होतो. पण काळं म्हणजे स्वच्छ नव्हे. डिसेंबरातल्या मुंबईच्या हवेत धूर आणि धूळ खाली साचून असते आणि तारा जितका खाली, तितका त्याचा प्रकाश त्या थरातून जास्त लांबून येतो. आमचे तुलनेचे दोन्ही तारे अल्गॉलच्या पश्चिमेला होते. बाराच्या सुमाराला अल्गॉल ५२ अंशांवर होता आणि ते दोघे ३८-३९ अंशांवर. त्यांना धुळीने अल्गॉलपेक्षा जास्त मंद केलं होतं. तुलनेचा तारा मंद झाला की आपला तारा उगाचच उजळ वाटतो. म्हणजे चढताना अल्गॉल आम्हाला खऱ्यापेक्षा लवकर वर आलेला दिसला. संध्याकाळी उतरताना सगळेच उंचावर होते, तेव्हा हा दोष जवळजवळ नव्हताच. एक बाजू खरी, दुसरी बाजू वीसेक मिनिटांनी घाईची, आणि मध्य त्याच्या निम्म्याने मागे सरकला. बारा मिनिटांतली बहुतेक इथे गेली. उरलेल्या एकदोन मिनिटांवर बोट ठेवायला आमच्या डोळ्यांत जागा नाही.

टोकाचे आकडे तंतोतंत जुळतात म्हणून निवडलेली माझी हुशार जोडी अशी निघाली. ययातीतले एप्सिलॉन (२.९) आणि डेल्टा (३.०) अल्गॉलच्या पूर्वेला आहेत, ते रात्री उशिरापर्यंत उंच राहतात. दोन्हीकडचे तारे घेतले असते तर ओढ बरीचशी आपोआप फिटली असती.

ऱ्होचं सांगायचं राहिलं. ऱ्हो हा स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा आहे. ३.३ ते ४.० ह्यांच्यामध्ये कुठेही असतो, शिवाय तांबडा. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघत राहिलं की तो उजळत जातो, हा डोळ्याचा जुना खोडसाळपणा. अल्गॉल मोजायला शेजारचा हा ऱ्हो वापरू नये, हे मला माहीत होतं. माहीत असून मी तो वापरला, कारण तक्त्यात आलेलं मला आभाळात बघायचं होतं.

पण आवर्तन तरी कुठे ठराविक आहे?

तीन कारणं लावून झाल्यावर भाचीने विचारलं, की मग सात-आठ अंकांचं अचूक आवर्तन घातलं तर तक्ता पन्नास वर्षं चालेल ना? नाही चालणार. अल्गॉलचं आवर्तन स्वतःच बदलतं, कधी वाढतं, कधी घटतं. गेल्या दोनशे वर्षांच्या नोंदी कुठल्याही एका आवर्तनावर बसवू गेलं तर ग्रहणं तासांनी चुकतात. म्हणून जाणकार मंडळी निरीक्षित वेळ वजा गणिती वेळ असा आलेख वर्षानुवर्षं काढत असतात. तो आडवा गेला तर आवर्तन बरोबर, तिरका गेला तर आवर्तन चुकीचं धरलं आहे, वाकला तर तारा बदलतो आहे. आमच्या बिचाऱ्या तक्त्याचा आलेख तिरका होता.

बदलण्याची कारणं जोडीच्या पोटात आहेत. त्यातलं एक तिसऱ्या ताऱ्याचं. ही जोडी आणखी एका ताऱ्यासोबत ६८० दिवसांत एक फेरी घालते, त्यामुळे ती कधी आपल्या जवळ तर कधी लांब जाते आणि ग्रहणं काही मिनिटं आधी-नंतर दिसतात. नारिंगी ताऱ्याच्या चुंबकी घडामोडींवरही बोट ठेवलं जातं. आणि त्याच्यावरून पांढऱ्या ताऱ्याकडे वाहणारं द्रव्य हे तिसरं.

ह्या वाहत्या द्रव्याची गोष्ट आमच्याकडे सांगायला फार सोपी आहे. जड तारा आधी म्हातारा होतो, हा नियम. अल्गॉलमध्ये पांढरा तारा सूर्याच्या तिप्पट वजनाचा आणि तरी तरणाताठा. नारिंगी सूर्याहून हलका आणि तरी फुगलेला, उतारवयाचा. दोघं एकाच वेळी जन्मले असतील तर हे उलटं कसं? तर मुळात नारिंगीच जड होता. तो आधी म्हातारा झाला, फुगला, आणि त्याचं द्रव्य ओढून घेऊन सोबती जड आणि तरुण झाला. दुसऱ्याचं तारुण्य घेऊन स्वतः तरुण होणारा राजा कोण, हे महाभारत ऐकलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. तारकासमूहाला ययाति म्हणणाऱ्यांच्या मनात अल्गॉलचं हे पोटातलं गुपित असण्याची काहीच शक्यता नाही. शर्मिष्ठा, देवयानी शेजारी आहेत म्हणून हा ययाति. पण योगायोग चांगला जमलाय. इथे पुरू आणि ययाति एकाच वयाचे आहेत एवढाच फरक.

पुन्हा एकदा

अल्गॉलचं ग्रहण तीन दिवसांनी तीन तास अकरा मिनिटं आधी येतं, म्हणजे संध्याकाळची दोन-तीन ग्रहणं मिळाली की पुढची बरेच दिवस दिवसाउजेडी किंवा पहाटे जातात. आठ आवर्तनांनी, तेवीस दिवसांनी, साधारण तीच वेळ दीड तास आधी परत येते. आमचा पुढचा नंबर संक्रांतीनंतर दोन दिवसांनी लागला. दुरुस्त तक्त्याप्रमाणे, पृथ्वीचा फरक धरून, रात्री ९:३१.

ह्या वेळी तक्ता भाचीने कोणालाच दाखवला नाही. वेळ तिने दुमडलेल्या चिठ्ठीत लिहून तिळगुळाच्या डब्याखाली ठेवली. तुलनेला पाच तारे घेतले, पश्चिमेचे दोन, पूर्वेचे दोन आणि वरचा मिरफाक, ययातीतला सगळ्यात उजळ तारा. सातला अंधार पडल्यापासून बारापर्यंत बसलो. आलेला मध्य: ९:३१.

पहिल्या वहीत दहा वीसच्या ओळीवर खोडरबराचा डाग आहे आणि उजेडात तिरकी धरली की खालचा ८.५ वाचता येतो. मुलाने त्यावर पेनाने तोच आकडा पुन्हा लिहिला, मला विचारून. त्याने शेवटच्या पानांपासून उलटी एक वेगळी नोंद चालू केली आहे, त्या तांबड्या ऱ्होची. आठवड्यातून एकदा, तुलनेला एप्सिलॉन वरच्या बाजूला आणि ययातीतलाच कप्पा, ३.८ प्रतीचा, खालच्या. आतापर्यंत सहा ओळी झाल्या आहेत. आकडे अजून हललेले नाहीत.